आईच्या रक्तातली प्रतिपिंडे आणि बाळाचा हार्ट ब्लॉक : निदानापासून पेसमेकरपर्यंत

६ फेब्रुवारी २०२३ रोजी, गरोदरपणाचे वीस आठवडे पूर्ण झाले त्या दिवशी, माझी तपशीलवार सोनोग्राफी झाली. तोवरच्या सगळ्या तपासण्या निर्दोष होत्या. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड यांपैकी कशाचीच तक्रार नव्हती. बाळाचे अवयव मोजून झाल्यावर डॉक्टर हृदयाच्या ठोक्यांपाशी थांबल्या, तेच माप त्यांनी पुन्हा पुन्हा घेतले आणि अहवालात हृदयगती मिनिटाला ५८ अशी नोंद केली. या काळात गर्भाच्या हृदयाचे ठोके साधारणपणे ११० ते १६० असतात. हृदयाची रचना मात्र व्यवस्थित दिसत होती : चारही कप्पे, झडपा आणि मोठ्या रक्तवाहिन्या जागच्या जागी होत्या, बाळ हालत होते आणि त्याची वाढही आठवड्यांप्रमाणे होती. रचना चांगली असताना गती निम्म्यावर का, या प्रश्नाचे उत्तर बाळाच्या हृदयात नसून माझ्या रक्तात असेल, हे त्या दिवशी आम्हा दोघांपैकी कोणाच्याही मनात येणे शक्य नव्हते.

गर्भाच्या हृदयाची विशेष तपासणी, म्हणजे फीटल एको, १० फेब्रुवारीला ठरली. मधले दिवस फार कठीण गेले. रात्री झोप लागत नसे आणि बाळाची हालचाल जाणवली की जरा धीर येई. या काळात एक गोष्ट उपयोगी पडली, ती सांगते. सोनोग्राफीचा छापील अहवाल आणि चित्रफीत यांची प्रत आम्ही त्याच दिवशी मागून घेतली होती, त्यामुळे बालहृदयरोगतज्ज्ञांना आधीची गती आणि नंतरची गती शेजारी ठेवून पाहता आली. संदर्भपत्रातही केवळ ‘मंद हृदयगती’ एवढेच न लिहिता नेमका आकडा आणि गर्भाचे वय लिहून घेतले होते. त्या पत्रामुळेच आम्हाला लवकरची वेळ मिळाली, असे नंतर कळले.

फीटल एको जवळजवळ तासभर चालला. निदान होते संपूर्ण हार्ट ब्लॉक. हृदयाच्या वरच्या कप्प्यांत निघालेला विद्युत संदेश मधल्या गाठीतून खालच्या कप्प्यांकडे जातो आणि मग ते आकुंचन पावतात. आमच्या बाळात तो मधला मार्ग बंद झाला होता. वरचे कप्पे १४० च्या गतीने चालू होते, तर खालचे कप्पे संदेशाची वाट न पाहता स्वतःच्या मंद गतीने, ५८ ने, चालत होते. पडद्यावर या दोन वेगवेगळ्या लयी डॉक्टरांनी आम्हाला प्रत्यक्ष दाखवल्या. हृदयाची पंप करण्याची ताकद चांगली होती आणि छातीत, पोटात किंवा त्वचेखाली पाणी साठल्याचे, म्हणजे हायड्रॉप्सचे, चिन्ह नव्हते. पुढचे सगळे महिने आम्ही याच दोन गोष्टींवर लक्ष ठेवणार होतो.

त्यानंतर डॉक्टरांनी माझ्याकडे वळून असे प्रश्न विचारले, की क्षणभर मी गोंधळले. डोळे कोरडे पडतात का, कोरडे अन्न गिळताना पाणी प्यावे लागते का, सांधे आखडतात का, उन्हात गेल्यावर चट्टे उठतात का. डोळ्यांची चुरचुर मला काही वर्षांपासून होती, पण ती संगणकावरच्या कामाची म्हणून सोडून दिलेली होती. हृदयाची रचना चांगली असताना गर्भात संपूर्ण ब्लॉक आढळला, तर बहुतांश वेळा आईच्या रक्तात अँटी-रो, आणि पुष्कळदा त्याबरोबर अँटी-ला, ही प्रतिपिंडे (शरीराने स्वतःच्याच पेशींमधील घटकांविरुद्ध तयार केलेली प्रथिने) असतात, असे त्यांनी समजावले. हा संबंध १९८३ च्या सुमारास वैद्यकीय साहित्यात स्पष्ट झाला. ही प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात, काही थोड्या बाळांत विद्युतमार्गाच्या ऊतींना सूज आणतात आणि सूज ओसरल्यावर तिथे व्रण उरतो. बहुतेक वेळा हे १८ ते २४ आठवड्यांच्या दरम्यान घडते.

रक्त त्याच दिवशी दिले. येथे वाचणाऱ्यांसाठी एक तपशील महत्त्वाचा आहे. एएनए ही अशा प्रतिपिंडांसाठीची चाळणी चाचणी अँटी-रो असूनही कधी कधी नकारात्मक येऊ शकते, म्हणून अर्जावर अँटी-रो आणि अँटी-ला या चाचण्यांची नावे स्वतंत्रपणे लिहिलेली आहेत ना, हे पाहावे. आमच्या अर्जावर प्रथम केवळ एएनए लिहिले गेले होते. प्रयोगशाळेच्या खिडकीवर तो अर्ज परत करून, दुरुस्त करून आणावा लागला. अहवाल पुढच्या आठवड्यात आला. दोन्ही प्रतिपिंडे होती, अँटी-रोचे प्रमाण पुष्कळ जास्त होते.

तो अहवाल वाचून मला जे वाटले ते टाळून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. ज्या शरीरात बाळ वाढत होते त्याच शरीराने त्याला इजा केली, हा विचार कित्येक दिवस माझ्या मनातून गेला नाही. संधिवाततज्ज्ञांनी मला शांतपणे सांगितले, की ही प्रतिपिंडे तयार होण्यात आईच्या आहाराचा, ताणाचा, श्रमाचा किंवा कोणत्याही वागण्याचा वाटा नसतो. बाळाचे निदान होईपर्यंत स्वतःला निरोगी समजणाऱ्या माता यात मोठ्या संख्येने असतात. आणि अँटी-रो असलेल्या स्त्रियांपैकीही पहिल्या खेपेला शंभरात सुमारे दोघींच्याच बाळांना हा ब्लॉक होतो. या आकड्यांनी दुःख गेले नाही, पण अपराधीपणाला आधार उरला नाही. घरातल्या मोठ्यांना समजावतानाही मी हेच वाक्य वापरले आणि चर्चा तिथेच थांबवली.

पुढचा प्रश्न औषधांचा होता. डेक्सामेथासोनसारखे फ्लोरिनयुक्त स्टेरॉइड वारेत फारसे निष्क्रिय होत नाही आणि बाळापर्यंत पोचते, म्हणून ते अशा वेळी वापरले जाते; साधे प्रेडनिसोलोन मात्र वारेतच बहुतांशी निष्क्रिय होते. आम्ही दोघेही औषध लगेच सुरू करावे अशा मनःस्थितीत होतो, कारण काहीतरी करणे हे काही न करण्यापेक्षा बरे वाटत होते. डॉक्टरांनी दोन्ही बाजू मांडल्या. पूर्ण झालेला ब्लॉक स्टेरॉइडने उलटत नाही. अपूर्ण ब्लॉक असेल, हृदयाच्या स्नायूला सूज असेल किंवा हायड्रॉप्स दिसू लागला असेल तर विचार वेगळा करावा लागतो. उलट दुसऱ्या पारड्यात गर्भजल कमी होणे, बाळाची वाढ मंदावणे आणि आईची साखर व रक्तदाब वाढणे हे धोके होते. आमच्या बाळात ब्लॉक पूर्ण होता आणि स्नायू चांगला होता, म्हणून स्टेरॉइड न देण्याचे ठरले. वेगवेगळ्या केंद्रांतले तज्ज्ञ यावर वेगवेगळी मते ठेवतात, आणि दुसऱ्या एखाद्या आईला स्टेरॉइड दिले गेले असेल तर तिच्यावर अन्याय झाला असे मुळीच नाही. निर्णयामागचे कारण आपल्याला समजले आहे का, एवढे पाहावे. मला मात्र त्याच सुमारास हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, म्हणजे संधिवाताच्या आजारांत दिली जाणारी गोळी, सुरू झाले, ते माझ्या स्वतःच्या संशयित आजारासाठी, आणि त्याआधी डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झाली.

आता मोठा आकडा. आईच्या याच प्रतिपिंडांमुळे बाळाला होणाऱ्या त्रासाला नवजात ल्युपस म्हणतात. अमेरिकेत १९९४ पासून चालू असलेल्या त्याच्या नोंदवहीतील माहितीनुसार हार्ट ब्लॉक झालेल्या बाळांपैकी साधारण सहापैकी एक बाळ दगावले, आणि त्यातही हायड्रॉप्स, फार मंद गती, स्नायूचा अशक्तपणा व अपुऱ्या दिवसांची प्रसूती असलेल्यांत हे प्रमाण अधिक होते. आम्ही हा आकडा स्वतःहून विचारला. जगणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी पेसमेकर लागतो, हेही तेव्हाच कळले. काही जणांना असे आकडे ऐकायचे नसतात आणि तो त्यांचा अधिकार आहे. आम्हाला मात्र आकडा ऐकल्यावर पुढचे प्रश्न विचारता आले.

फेब्रुवारीच्या अखेरीपासून दर आठवड्याला किंवा दोन आठवड्यांनी एको, त्याच्या मध्ये स्त्रीरोगतज्ज्ञांची भेट, महिन्याला संधिवाततज्ज्ञांची भेट असा क्रम सुरू झाला. येथेच या प्रवासातला खरा प्रशासकीय भाग येतो. माझी प्रसूतीची फाइल एका विभागात, बाळाच्या हृदयाची दुसऱ्या विभागात आणि प्रतिपिंडांची तिसऱ्या विभागात होती, आणि न जन्मलेल्या बाळाला स्वतःचा नोंदणी क्रमांक नसल्यामुळे त्याचे एकोचे अहवाल कधी माझ्या नावाखाली तर कधी कुठेच सापडत नसत. माझ्या पतींनी एक तक्ता तयार केला. त्यात तारीख, गर्भाचे वय, वरच्या कप्प्यांची गती, खालच्या कप्प्यांची गती, पाणी आहे की नाही, हृदयाच्या ताकदीविषयीचा शेरा आणि गर्भजलाचे प्रमाण असे रकाने होते. प्रत्येक भेटीत तो तक्ता आम्ही टेबलावर ठेवत असू. कोणत्याही डॉक्टरांनी तो बाजूला सारला नाही. उलट गती ५८ वरून ५६ वर आणि मग ५५ वर हळूहळू येत आहे हे प्रथम त्या तक्त्यावरच स्पष्ट दिसले.

विम्याचे काम मार्चमध्येच हाती घेतले आणि ते आणखी आधी करता येत असेल तर अवश्य करावे. आईच्या प्रसूतीची मंजुरी आणि नवजात बाळाच्या शस्त्रक्रियेची मंजुरी या स्वतंत्र गोष्टी असतात. जन्मजात आजार पॉलिसीत समाविष्ट आहे का, बाळ कोणत्या दिवसापासून समाविष्ट होते आणि त्यासाठी जन्मानंतर किती मुदतीत अर्ज करावा लागतो, हे तीनही प्रश्न लेखी विचारून लेखी उत्तर घ्यावे. रुग्णालयाच्या अंदाजपत्रकात शस्त्रक्रिया, अतिदक्षता विभाग आणि प्रत्यक्ष यंत्र या तीन बाबी वेगळ्या मांडायला सांगाव्यात, कारण पेसमेकर आणि त्याच्या तारांची किंमत अनेकदा मूळ अंदाजात धरलेली नसते. आमच्या पहिल्या अंदाजपत्रकात ती नव्हती. ते कळल्यावर खर्चाची जुळवाजुळव करायला हातात वेळ होता, आणि हा वेळ जन्मानंतर मिळाला नसता.

१७ एप्रिलला, तिसाव्या आठवड्यात, खालच्या कप्प्यांची गती ५२ वर आली. गती ५५ च्या खाली गेली की हायड्रॉप्सचा धोका वाढतो, म्हणून मला टर्ब्युटालीनच्या गोळ्या सुरू झाल्या. दम्यात वापरले जाणारे हे औषध वारेतून जाऊन बाळाच्या हृदयाची गती काही ठोक्यांनी वाढवू शकते. माझी स्वतःची गती मात्र वाढली, हात थरथरू लागले, सही करताना अक्षर ओळखू येईना. ही थरथर अपेक्षित आहे, पण छातीत दुखणे किंवा धाप लागणे अपेक्षित नाही आणि तसे झाल्यास त्वरित यावे, असे सांगून ठेवले होते. बाळाची गती ५७ पर्यंत चढली आणि तिथे टिकली. पाणी साठले नाही. मे महिन्यात माझ्या पोटावर कान ठेवून पती ते संथ ठोके ऐकण्याचा प्रयत्न करीत, आणि अर्थातच काही ऐकू येत नसे.

या सगळ्यात सर्वांत मोलाची ठरली ती मेच्या पहिल्या आठवड्यातली एकत्र बैठक. स्त्रीरोगतज्ज्ञ, गर्भाच्या आजारांच्या तज्ज्ञ, बालहृदयरोगतज्ज्ञ, नवजात शिशुतज्ज्ञ, हृदयशल्यचिकित्सक आणि भूलतज्ज्ञ एका खोलीत बसले आणि आम्ही दोघे त्यांच्यासमोर होतो. ही बैठक आपोआप झाली नाही, आम्ही लेखी विनंती केली तेव्हा झाली. प्रसूती जिथे होईल तिथेच, किंवा त्याच आवारात, नवजात बाळावर पेसमेकरची शस्त्रक्रिया करण्याची सोय असली पाहिजे, हा मुद्दा तिथे पक्का झाला. नैसर्गिक प्रसूती अशा बाळांत अशक्य नसते. पण कळांच्या काळात बाळ त्रासात आहे का हे त्याच्या हृदयगतीच्या चढउतारांवरून ओळखतात, आणि संपूर्ण ब्लॉकमध्ये ती खूण वाचता येत नाही. म्हणून ३७ आठवडे पूर्ण होताच नियोजित सिझेरियन करण्याचे ठरले. बाळाचे वजन जितके वाढेल तितकी शस्त्रक्रिया सोपी, त्यामुळे केवळ गती मंद आहे एवढ्या कारणाने घाईने आधी प्रसूती करायची नाही, हेही तिथेच ठरले. सगळी योजना एका पानावर लिहून त्यावर सह्या झाल्या आणि त्याची प्रत मी सतत जवळ बाळगली, कारण अवेळी कळा सुरू झाल्या तर रात्रपाळीच्या डॉक्टरांना तेच पान दाखवायचे होते. सोनोग्राफीच्या यंत्राने ५५ ची गती पाहून अनोळखी डॉक्टर तातडीचे सिझेरियन करू पाहतील, ही शक्यता खरी असते.

५ जूनला सकाळी मुलगी झाली. वजन २.६ किलो. ती रडली, आणि तो आवाज ऐकून मला हुंदका आवरला नाही. दोन मिनिटे तिला माझ्या गालाशी आणले आणि लगेच अतिदक्षता विभागात नेले. जन्मानंतरची तिची गती ५४ होती. नाभीच्या शिरेतून हृदयगती वाढवणाऱ्या आयसोप्रेनालीन या औषधाची धार सुरू झाली, ईसीजी आणि एको झाला, आणि रक्तात प्लेटलेट व यकृताची विकरेही तपासली, कारण याच प्रतिपिंडांमुळे त्यांवरही काही काळ परिणाम होऊ शकतो. प्लेटलेट थोड्या कमी होत्या, त्या पुढे आपोआप सुधारल्या. मी टाके असताना चाकाच्या खुर्चीतून तिला पाहायला गेले. तिच्या अंगावर इतक्या नळ्या होत्या, की हात कुठे ठेवावा कळेना. परिचारिकेने माझे बोट तिच्या तळहातात दिले. दूध काढून पाठवायला पहिल्या दिवसापासून सांगितले होते. अँटी-रो असलेल्या आईने आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विन घेणाऱ्या आईने स्तनपान करायला हरकत नसते, हे मी संधिवाततज्ज्ञांकडून आधीच लिहून घेतले होते, त्यामुळे तिथे कोणी शंका काढली तेव्हा वाद घालावा लागला नाही.

नवजात बाळाची गती फार मंद असणे हे पेसमेकर बसवण्याचे मान्य कारण आहे. पहिल्याच आठवड्यात शस्त्रक्रिया झाली. मोठ्या माणसांत तारा शिरेतून हृदयात नेतात. इतक्या लहान शिरांतून ते करणे योग्य नसते, म्हणून छातीच्या हाडाखाली छेद घेऊन तारा हृदयाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर टाचतात आणि यंत्र पोटाच्या भिंतीत कप्पा करून ठेवतात. संमतीपत्र वाचताना रक्तस्राव, जंतुसंसर्ग, तार निसटणे हे धोके वाचून माझे डोळे भरून आले, तेव्हा शल्यचिकित्सकांनी घाई न करता प्रत्येक ओळ समजावली. वाट पाहण्याचे ते तास मी कसे काढले ते मला नीट आठवत नाही. बाहेर आल्यावर मॉनिटरवर १२० हा आकडा स्थिर दिसला. बाळाच्या नखांचा रंग बदललेला सर्वांत आधी माझ्या पतींच्या लक्षात आला.

त्या काळातली कागदपत्रे थोडक्यात सांगते. बाळाचे नाव ठरलेले नसल्याने सगळ्या नोंदी माझ्या नावाने होत्या. जन्मनोंदणीनंतर नाव बदलताना जुना आणि नवा नोंदणी क्रमांक जोडल्याचे पत्र रुग्णालयाकडून घ्यावे, नाहीतर विम्याच्या दाव्यात दोन वेगवेगळी बाळे दिसतात. पेसमेकरचे ओळखपत्र घरी जाण्यापूर्वी हातात पडले पाहिजे. त्यावर यंत्राचे व तारांचे मॉडेल, अनुक्रमांक, बसवल्याची तारीख आणि ठरवलेली गती असते. या माहितीवाचून दुसऱ्या ठिकाणी यंत्र तपासणे अवघड जाते, आणि एमआरआय करता येईल की नाही हे ठरवतानाही हीच माहिती लागते.

घरी आल्यावर जखमेची लाली, सूज, ताप आणि दूध कमी पिणे यांवर लक्ष ठेवायचे होते. मोबाइल आणि चुंबक असलेल्या वस्तू यंत्रापासून दूर ठेवायच्या होत्या. पोटावर कंबरपट्टा घट्ट येईल असे कपडे टाळले. जुलैच्या अखेरीस तिच्या डोळ्यांभोवती आणि कपाळावर लालसर गोल चट्टे उठले. संसर्ग समजून मी फार घाबरले होते, पण ते त्याच प्रतिपिंडांचे त्वचेवरचे रूप होते. बाळ ही प्रतिपिंडे स्वतः तयार करत नाही. आईकडून आलेली काही महिन्यांत नाहीशी होतात आणि चट्टेही त्यांच्याबरोबर जातात. थेट ऊन टाळायला सांगितले होते. थंडी संपेपर्यंत चेहरा स्वच्छ झाला. हार्ट ब्लॉक तसा जात नाही, हा फरक घरातल्या सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगावा लागला, कारण चट्टे गेल्यावर यंत्र काढता येईल अशी आशा प्रत्येकालाच वाटत होती.

बाळंतपणानंतरच्या धावपळीत आईची तपासणी सर्वांत आधी राहून जाते, आणि याविषयी मला आग्रहाने लिहायचे आहे. ऑगस्टमध्ये माझी शर्मर चाचणी झाली, म्हणजे खालच्या पापणीत कागदाची पट्टी पाच मिनिटे ठेवून अश्रूंनी किती भाग ओला होतो ते मोजले. पट्टी जेमतेम ३ मिलिमीटर ओली झाली. ५ किंवा त्याहून कमी आल्यास कोरडेपणा मानतात. मला शोग्रेन सिंड्रोम, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रू व लाळेच्या ग्रंथींवर उलटण्याचा आजार, असल्याचे निदान झाले. हा आजार आटोक्यात ठेवता येतो, पण डोळे, दात, मूत्रपिंडे आणि लसिका ग्रंथी यांची नियमित तपासणी लागते. मुलीच्या हृदयामुळे माझा आजार वेळेत कळला, नाहीतर तो आणखी किती वर्षे संगणकाच्या नावावर खपला असता.

दुसऱ्या मुलाचा विचार करणाऱ्यांसाठी आम्हाला मिळालेली माहिती देते. एका बाळाला ब्लॉक झाल्यावर पुढच्या बाळाला तो होण्याची शक्यता साधारण १६ ते १८ टक्के असते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या पॅच या अभ्यासात दहाव्या आठवड्याआधी हायड्रॉक्सीक्लोरोक्विन सुरू केलेल्या मातांमध्ये हे प्रमाण ७.४ टक्के आढळले. त्यामुळे गोळी गर्भधारणेपूर्वीच चालू असावी आणि १६ ते १८ आठवड्यांपासून २६ आठवड्यांपर्यंत वरचेवर एको करावा, असा सल्ला मिळाला. निरोगी लयीपासून संपूर्ण ब्लॉकपर्यंतचा बदल २४ तासांच्या आतही होऊ शकतो, म्हणून आठवड्याचा एको चांगला आला तरी त्यावर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले. आम्ही अजून काही ठरवलेले नाही.

मुलीच्या यंत्राची तपासणी आता ठरावीक महिन्यांनी होते. पोटावर एक वर्तुळाकार उपकरण ठेवून बॅटरीचे आयुष्य, तारांचा विद्युतरोध आणि किती टक्के ठोके यंत्राने दिले हे वाचतात. उंची वाढताना तार ताणली जाते का हे पाहण्यासाठी अधूनमधून क्ष-किरण काढतात, आणि बॅटरी संपत आली की यंत्र बदलण्याची शस्त्रक्रिया करावी लागेल. या भेटींना जाताना मी तीन प्रश्न लिहून नेते : बॅटरी किती उरली, तारेचे माप मागच्या वेळेपेक्षा बदलले का, आणि हृदयाची ताकद एकोवर कशी आहे. उत्तरे पतींच्या त्याच तक्त्यात, आता तिच्या स्वतःच्या नावाखाली, लिहिली जातात.